शुद्धलेखन-अध्यापन, मराठी

स्वरांचे उच्चार, ऱ्हस्व-दीर्घादी लेखनसंकेत व शब्दसंपत्ती यांचे मराठी शाळांतून, विशेषतः पाचवी ते सातवी या इयत्तांतून, दिले जाणारे शिक्षण. अक्षरओळख व जोडाक्षरे खालच्या इयत्तांत संपतात. पाचवीपासून पाठांत संस्कृत शब्दांची संख्या वाढते आणि कानाने ऐकलेले व हाताने लिहावयाचे यांची फारकत तेथेच विद्यार्थ्याला प्रथम जाणवते. त्यामुळे या विषयाचा खरा प्रश्न प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत उभा राहतो.

पंतोजींच्या शाळेत तो फारसा नव्हता. धूळपाटीवर ‘ओनामासिधं’पासून आरंभ होई व बाराखडी घोकून घेतली जाई. पत्रव्यवहार व हिशेब मोडीत चालत आणि मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद दाखविण्याची रीत नव्हती. बालबोध लिपी मुख्यतः पोथ्यांची. बाराखडीच्या घोकंपट्टीतही पहिली व दुसरी वेलांटी हा भेद नावाने पाठ होतो, ध्वनीने नव्हे. ही गोष्ट पुढील अडचणींच्या मुळाशी आहे.

छापील क्रमिक पुस्तकांबरोबर बालबोध लिपी शाळेत स्थिरावली आणि एकच एक लेखनाची गरज निर्माण झाली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) व दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण (१८३६) यांनी तिला आधार दिला. मेजर टॉमस कँडी यांनी शालेय पुस्तकांची भाषा तपासून तिला शिस्त लावली व विरामचिन्हे रूढ केली. हे प्रमाण मुख्यतः पुण्याकडील शिष्टांच्या बोलीवर व संस्कृत व्युत्पत्तीवर बेतलेले होते. त्याचा सामाजिक परिणाम लवकरच दिसला. जोतीराव फुले यांच्या लेखनाचे परीक्षण करताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत आशयाइतकेच व्याकरणदोषांवर बोट ठेवले. पुढे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळू शके. त्यामुळे वेलांटीची चूक ही केवळ वहीतील चूक राहिली नाही.

मराठीत इ व उ या स्वरांची दीर्घता बहुतांशी त्यांच्या शब्दातील स्थानावरून ठरते. शब्दाच्या शेवटी ते दीर्घ उच्चारले जातात : पाटी, लाडू. अकारान्त शब्दातील अंत्य अकार बोलताना लोपतो व त्यामागील इ-उ लांबतात : वीट, फूल, जमीन, गरीब. पुढे स्वर आला की ते पुन्हा आखडतात : विटा, फुलाला, जमिनीत, गरिबास. हा नियम मूल बोलताना आपोआप पाळत असते. शिक्षकाने तो उदाहरणांवरून काढून घेतला, तर सातवीतील विद्यार्थ्यालाही सहज उमगतो. अडचण तत्सम शब्दांची आहे. गुण व खूण यांतील उकार मराठी माणूस सारखाच लांबवितो, तथापि पहिला ऱ्हस्व व दुसरा दीर्घ लिहावा लागतो. विष, मधुर, गणित यांचेही तसेच. उलट परीक्षा, पूजा, गीता यांत उपान्त्य स्वर मूळचा दीर्घ ठेवावयाचा असतो. ‘परिक्षा’ ही चूक सर्वत्र आढळते ती यामुळेच. संस्कृत कठिन शब्द मराठीत कठीण झाला, की मात्र त्याला मराठीचा नियम लागू होतो. शब्द तत्सम आहे की नाही हे ज्याला ठाऊक नाही त्याला नियम पाठ असून उपयोग नाही. आणि ते ठाऊक होण्याचा मार्ग शब्दसंग्रह वाढविणे हाच. दिन व दीन, सुत व सूत, शिर व शीर या जोड्या म्हणूनच शुद्धलेखनाच्या यादीत न टाकता अर्थासह, वाक्यातून शिकवाव्या लागतात. याउलट काही भेद उच्चारात असून लेखनात नाहीत : चार व चारा यांतील च, किंवा जग (विश्व) व जग (जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप) यांतील ज.

अनुच्चारित अनुस्वारांचे ओझे दीर्घकाळ मुलांवर होते. नांव, पांच, कांहीं, केलें असे लेखन व्युत्पत्तीच्या आधारे समर्थिले जाई. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले व १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडली. व्युत्पत्तिमूलक अनुस्वार गेले. घरात (एकवचन) व घरांत (अनेकवचन) असा व्याकरणाला उपयोगी पडणारा भेद राहिला. कवि, गुरु ही रूपे कवी, गुरू अशी झाली, पण समासात कविसंमेलन, गुरुकुल असे मूळचे ऱ्हस्वत्व टिकले. ही तडजोड विद्वानांना सोयीची असली, तरी मुलांना ती दोनदा शिकावी लागते.

अनुलेखन, श्रुतलेखन व चुकलेला शब्द पाच वेळा लिहिणे ही वर्गातील जुनी साधने होत. श्रुतलेखनाने चूक कळते, तिचे कारण कळत नाही. वऱ्हाडातील मूल घरी ‘डोया’ म्हणते व शाळेत डोळा लिहिते. अनेक घरांत ण व न, श व ष यांचा भेद उच्चारातच नसतो. ऋषी हा शब्द तर प्रमाण बोलीतही ‘रुषी’ असाच ऐकू येतो. अशा मुलाला ‘जसे बोलता तसे लिहा’ हा उपदेश निरुपयोगी ठरतो. प्रत्येक चुकीला सारखाच गुण कापणाऱ्या परीक्षापद्धतीत त्याच्यावर अन्यायही होतो. विटा-वीट, फुले-फूल असे गट करणे, एका धातूपासून निघालेले शब्द एकत्र लिहिणे, समानार्थी शब्द व शब्दभेंड्या यांचा या वयात अधिक उपयोग होतो.

राज्याची पाठ्यपुस्तके १९६७ मध्ये स्थापन झालेले पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती) तयार करते. इंग्रजी शब्दांबरोबर आलेले ॲ व ऑ हे स्वर लेखनात कधीच रुळले होते. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने त्यांना वर्णमालेत अधिकृत स्थान मिळाले. बाराखडीत कॅ व कॉ यांची भर पडल्याने काही शिक्षक तिला आता चौदाखडी म्हणतात.