पाण्यापलीकडची पत्रे

गणेशगुडीत आम्हा मराठी मंडळींपैकी अनेकांना पाण्यानेच आणून वसवले. कोणी काळी नदीवरच्या सुपा धरणाच्या कामावर आले, कोणी त्या कामामागून दुकान, शाळा, नोकरी धरून आले. 101 मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि जुने सुपा गाव जलाशयाखाली गेले. त्या गावाचा पत्ता घातलेले एखादे कार्ड आज कुणाच्या ट्रंकेत सापडले, तर त्या पत्त्यावर उत्तर धाडायची सोय उरलेली नाही. कार्ड आहे, गाव नाही.

आमच्या सगळ्यांच्या घरी पत्रांची तार होती. आलेले पत्र वाचून व्हायचे, शेजारच्या काकूंना वाचून दाखवायचे आणि मग तारेला टोचायचे. लग्नामुंजीच्या पत्राला कोपऱ्यावर हळदकुंकू असे. मृत्यूची बातमी आणणारे कार्ड मात्र वाचल्यावर लगेच फाडून टाकायची रीत होती. अशुभ घरात ठेवू नये, एवढाच तिचा अर्थ. पण तिचा परिणाम असा झाला, की तारेवर बारशी आणि लग्ने राहिली, आणि घरावर जे खरे ओढवले ते बहुतेक चुलीत गेले.

हे मनात यायचे कारण म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या दोन घरांचा पत्रव्यवहार.

पहिले घर इंग्लंडमधले. सफोक परगण्यातल्या ग्रोटन गावचा जॉन विन्थ्रॉप 1630 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेला जायला निघाला. मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा तो गव्हर्नर होता. बायको मार्गारेट गरोदर, म्हणून ती मागे राहिली. त्या काळी समुद्रापार टपालाची व्यवस्था नव्हती. परतणाऱ्या जहाजाच्या कप्तानाच्या किंवा ओळखीच्या प्रवाशाच्या हाती पत्र द्यायचे आणि वाट पाहायची. म्हणून निघण्यापूर्वी दोघांनी ठरवले, की दर सोमवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता दोघांनीही एकमेकांची आठवण काढायची. जहाज बुडाले तरी ही भेट बुडणार नव्हती.

जूनमध्ये विन्थ्रॉप पोचला. त्याचा मुलगा हेन्री जुलैच्या आरंभी तिथे आला आणि लगेच बुडून मेला. त्याच महिन्यात बापाने घरी पत्र लिहिले. नव्या वसाहतीच्या कामाच्या रगाड्यातच मुलाच्या मृत्यूची बातमी त्याने त्यात लिहिली. ती बातमी घरी पोचेपर्यंत तिकडची माणसे हेन्रीला जिवंत धरून चालली होती. 1631 च्या नोव्हेंबरमध्ये मार्गारेट नवऱ्याजवळ पोचली. मधल्या काळात जन्मलेली मुलगी वाटेतच गेली होती. या घराने दुःखाचे पत्र फाडले नाही. पिढ्यान्‌पिढ्या कागद जपले, म्हणून जवळजवळ चारशे वर्षांनंतरही त्या बापाचे मन आपल्याला कळते.

दुसरे घर आपले, कल्याणचे. आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात होते, नोकरीच पत्रांची. 1880 साली बायकोच्या शिक्षणासाठी त्यांनी लिहिलेले एक पत्र अमेरिकेतल्या मिशनरी मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते दातांच्या डॉक्टरकडे खोळंबून बसल्या असताना वाचले आणि आपण होऊन पत्र घातले. पुढे आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. ज्या बाईला पाहिलेही नाही, तिच्या घरी त्या 1883 साली गेल्या. 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोट निघाली, जूनमध्ये न्यूयॉर्क आले. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. गोपाळराव नोकरीमुळे मागे राहिले.

मग पत्रे सुरू झाली. त्यांत कौतुक होते, तशी टोचणीही होती. बायको दूरदेशी स्वतःच्या पायावर उभी राहते आहे, हे गोपाळरावांना हवेही होते आणि सोसवतही नव्हते. आनंदीबाईंनी एका पत्रात लहानपणी त्यांच्या हातून झालेल्या मारहाणीची आठवण स्वच्छ शब्दांत लिहिली. तुमचे वागणे बरे की वाईट हे ठरवणे अवघड, असे त्यांचे म्हणणे. शेवटचा हेतू पाहिला तर बरे, पण पोरवयाच्या मनावर झालेला परिणाम पाहिला तर वाईट. समोरासमोर हे बोलणे त्या काळच्या सुनेला कुठून जमणार? मध्ये समुद्र होता, म्हणून लिहिता आले.

11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वय पुरते बावीसही नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. 1889 साली काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, ते त्यांच्या पत्रांच्या आधाराने. ती पत्रे नसती, तर भिंतीवरची तसबीर तेवढी उरली असती: पहिली डॉक्टर बाई आणि तिचा थोर नवरा. त्या दोघांची ओढाताण, राग, माया, थंडी आणि आजारपण यांतले काहीच कळले नसते.

आम्हा इथे रुजलेल्या घरांचा इतिहास कोणत्याही दप्तरात नाही. धरणाची उंची सरकारी कागदात आहे. पण पहिल्या पावसाळ्यात आईने माहेरी काय लिहिले, बाबांनी घरी किती पैसे धाडले आणि किती धाडायचे राहिले, ते फक्त तारेवर आहे. बोलणे आता फोनवर होते आणि ठेवले की संपते.

यंदा गौरींचे मुखवटे काढायला माळ्यावर चढाल, तेव्हा शेजारची ट्रंकही खाली घ्या. हळदकुंकवाची पत्रे सापडतीलच. कोपरा फाटलेले एखादे कुणी आजीने न जाळता घडी करून ठेवले असेल, तर ते आधी वाचा, घरातल्या मुलांना वाचून दाखवा आणि जपून ठेवा.