ग्रहणवेध आणि प्रवासी दुर्बीण : सावंतवाडी-विजयदुर्ग परिसरातील दोन छायापथ (१८६८ व १८९८)

दक्षिण कोकणावरून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीस वर्षांच्या आत दोन खग्रास सूर्यग्रहणांची छाया गेली. पहिले ग्रहण १८ ऑगस्ट १८६८ रोजी, म्हणजे शके १७९० च्या श्रावण अमावास्येस झाले. त्याचा छायापथ इतका रुंद होता की विजयदुर्गाबरोबर सावंतवाडीही त्यात आली. दुसरे २२ जानेवारी १८९८ रोजी, शके १८१९ च्या पौष अमावास्येस झाले. त्याचा पट्टा अरुंद होता व तो किनाऱ्यावरून ईशान्येकडे वळून गेला. विजयदुर्ग त्यात सापडला, परंतु तेथून सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटर आग्नेयेस असलेल्या सावंतवाडीस त्या दिवशी खंडग्रासावरच समाधान मानावे लागले.

ही दोन ग्रहणे लोकस्मृतीत एकमेकांत मिसळून गेली आहेत. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' या नावाने चौथरे दाखविले जातात. त्यांवर दुर्बीण मांडून नॉर्मन लॉक्यर या इंग्रज ज्योतिर्विदाने १८६८ मध्ये हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला, असे सांगितले व छापलेही जाते. १८ ऑगस्ट हा दिवस तेथे हेलियमचा दिवस म्हणून साजराही होतो. या कथेतील व्यक्ती खरी, स्थळ खरे आणि शोधही खरा. वर्ष मात्र या तिघांना एकत्र आणू शकत नाही. हा गुंता सोडविण्यास वेधसाधनांचा विचार फार उपयोगी पडतो. कोणती दुर्बीण कोठवर, कोणत्या ऋतूत व कोणाच्या खांद्यावर नेता येत होती, हे पाहिले म्हणजे कोण कोठे होता याचाही बराच उलगडा होतो.

प्रथम तारखा पाहाव्यात. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉक्यर इंग्लंडात होता. त्याच्यासाठी बनविला जात असलेला नवा वर्णपटदर्शक त्याच्या हाती पडला तोच ऑक्टोबरच्या मध्यास. आणि २० ऑक्टोबर रोजी त्याने ग्रहण नसतानाच सूर्यबिंबाच्या कडेवरील तेजःशृंगांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. फ्रेंच ज्योतिर्विद झान्सेन हा मात्र ग्रहणासाठी गुंटूरला आला होता. ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी हीच युक्ती त्यास तेथे साधली होती. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे २६ ऑक्टोबर १८६८ या एकाच दिवशी वाचली गेली, हा योगायोग प्रसिद्ध आहे. पिवळ्या भागात दिसणारी रेषा सोडियमच्या जोडरेषेशी जुळत नाही, हे लॉक्यरच्या इंग्लंडमधील वेधांतून स्पष्ट झाले. हेलियम हे नाव त्यानंतरचे, आणि पृथ्वीवर ते द्रव्य रॅम्झीस सापडले १८९५ मध्ये. तेव्हा १८ ऑगस्टच्या सकाळी विजयदुर्गावर लॉक्यर असणे शक्य नाही.

ऋतूचा पुरावाही तितकाच बोलका आहे. १८६८ ची ती अमावास्या नारळी पौर्णिमेनंतर अवघ्या पंधरवड्याने आली. कोकणात दर्यास नारळ अर्पण झाला म्हणून पाऊस थांबत नाही. नाजूक काचसामानाच्या पेट्या त्या दिवसांत गलबतातून उतरवून तटावर चढवाव्यात आणि मग ढगांतून सूर्य दिसण्याची वाट पाहावी, असा बेत जाणता वेधक सहसा करणार नाही. त्या वर्षी पश्चिमेकडे आलेल्या वेधकांनी घाटमाथ्यापलीकडील पर्जन्यछायेचा प्रदेश निवडला, तो याच कारणाने. लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीस गेला आणि कॅप्टन हेग विजापुरास. सावंतवाडी सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी, पावसाच्या तोंडावरच आहे. छायेत असूनही १८६८ मध्ये वेधस्थान म्हणून तिचा विचार होणे कठीण होते.

या दोघांच्या साधनांतील भेद मुद्दाम पाहण्याजोगा आहे. हर्शेलजवळ रॉयल सोसायटीने पुरविलेली पाच इंची विषुववृत्तीय दुर्बीण होती व तिला वर्णपटदर्शक जोडलेला होता. अशा मांडणीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षास समांतर ठेवावा लागतो. मग घड्याळयंत्राने नळी सूर्यामागून आपोआप फिरते आणि वेधकाचे दोन्ही हात मोजमापासाठी मोकळे राहतात. हा लाभ थोडा नाही. परंतु त्यासाठी पाया पक्का हवा, अक्ष स्थळाच्या अक्षांशाइतका कललेला हवा आणि जुळवाजुळव करण्यास हाताशी काही रात्री हव्यात. गुंटूरला टेनन्टने छायाचित्रांसाठी नऊ इंची परावर्तक आणविला होता; तिचा आरसा काचेवर रुप्याचा मुलामा दिलेला होता. जुन्या धातूच्या आरशांपेक्षा असे आरसे हलके व अधिक उजळ असत. मुलामा मात्र दमट हवेत लवकर काळवंडे.

हेगपाशी यांपैकी काही नव्हते. रॉयल सोसायटीने हिंदुस्थानात काही लहान, हातात धरून पाहण्याचे वर्णपटदर्शक पाठविले होते, त्यांतील एक त्याच्याकडे होता. त्यास तिपाई नको, घड्याळयंत्र नको, की अक्षांशाचा हिशेब नको. या हातभर साधनातून त्याने विजापुरास दोन लगतच्या तेजःशृंगांच्या वर्णपटात दोन ठळक तेजस्वी पट्टे पाहिले. एक गुलाबी, दुसरा फिक्या सोनेरी रंगाचा. आज हे वर्णन वाचणाऱ्यास त्या सोनेरी पट्ट्यात हेलियमची रेषा ओळखू येते. पण हेगच्या साधनाला मोजपट्टी नव्हती. त्याने रंग सांगितला; स्थान सांगणे त्यास शक्य नव्हते. हर्शेलने जमखंडीस धावत्या ढगांच्या फटींतून तांबडी, नारिंगी व निळी अशा तीन रेषा पाहिल्या आणि नारिंगी रेषेचे स्थान मोजण्याचा प्रयत्नही केला. त्यास ती सोडियमच्या रेषेवरच पडलेली दिसली. म्हणजे मोठ्या साधनाने मोजमाप दिले, ते पुरेसे सूक्ष्म नव्हते. लहान साधनाने मोजमाप दिलेच नाही. पुढील संशोधनाच्या दृष्टीने हर्शेलचे टिपण अधिक मोलाचे ठरले, हे मान्य करावेच लागते. परंतु रॉयल सोसायटीने दोन्ही प्रकारची साधने पाठविली यातच तिची दूरदृष्टी होती. आभाळ कोठे मोकळे मिळेल याचा नेम नव्हता आणि जड दुर्बिणी चहूकडे ठेवणे अशक्य होते.

हाती बाळगण्याच्या वेधयंत्राची कल्पना कोकणास तशी नवी नव्हती. 'ग्रहलाघव' या करणग्रंथाचा कर्ता गणेश दैवज्ञ मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचा. त्याच्या ग्रंथाचा आरंभकाल शके १४४२, म्हणजे १५२० हे वर्ष होय. त्याने प्रतोदयंत्रावरही एक छोटी रचना केली आहे. प्रतोद म्हणजे चाबूक. चाबकाच्या दांड्यासारख्या या यंत्रावर शंकूची छाया पाडून सूर्याच्या उन्नतांशावरून वेळ काढता येई. स्वाराच्या हाती जी वस्तू असावयाचीच तिलाच यंत्राचे रूप देण्यात मोठी व्यवहारबुद्धी दिसते. त्याचे प्रमाण अक्षांशावर अवलंबून असल्याने नांदगावासाठी आखलेले यंत्र दूरच्या प्रांतात जसेच्या तसे चालत नसे. हर्शेलच्या विषुववृत्तीय मांडणीसमोरची अडचण जातीने हीच होय.

आता १८९८ कडे वळू. या वेळी सर नॉर्मन लॉक्यर खरोखरच विजयदुर्गावर होता. पौष महिना, कोरडी हवा, निरभ्र आकाश. आणि वाघोटण खाडीच्या मुखावरील किल्ला असा की पेट्या जहाजातून थेट त्याच्या पायथ्याशी उतरवाव्यात. ब्रिटिश आरमाराची 'मेलपोमिनी' ही युद्धनौका या कामी दिमतीस होती. तिच्यावरील नाविकांना वेधाच्या कामांची तालीम देऊन लॉक्यरने त्यांचे गट पाडले. बरोबर आल्फ्रेड फाउलर व लॉक्यरचा पुत्रही होता. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची. तेवढ्या अवधीत लोलक बसविलेल्या मोठ्या कॅमेऱ्यांतून वर्णपटांची छायाचित्रे घ्यावयाची होती. त्यासाठी जड, न हलणारी मांडणी अवश्य होती. चौथऱ्यांची संगती या ग्रहणाशी लागते, १८६८ शी नाही. शिवाय हेलियम तोवर प्रयोगशाळेत हाती येऊन तीन वर्षे लोटली होती, हेही विसरता कामा नये.

लोकस्मृतीने दोन तारखा एक केल्या त्याचे कारणही बहुधा या चौथऱ्यांतच आहे. जड साधन आपल्यामागे दगडचुन्याची खूण ठेवते. विजापुरास हेग कोठे उभा होता, याची खूण राहण्याचे कारण नव्हते.

त्याच ग्रहणासाठी छायापथात इतरत्र थाटलेल्या छावण्या पाहिल्या तर साधननिवडीची तऱ्हा किती निरनिराळी होती हे दिसते. करमाळ्याजवळ जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचा कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन आला होता. पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचीही छावणी तेथेच होती. नायगमवालांच्या पुण्यातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत वीस इंची परावर्तक होता. हिंदुस्थानातील त्या काळची ती सर्वांत मोठी दुर्बीण. पण छायापथ पुण्याहून जात नव्हता, आणि वीस इंचांची स्थिर दुर्बीण अशा वेळी कामास येत नाही. (१९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली व दुर्बीण कोडाइकनालला गेली.) जेऊरला निराळी, नेता येण्याजोगी साधनेच हवी होती.

वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी उतरली. तीत ॲनी माँडर ही विदुषी होती. ग्रिनिच वेधशाळेतील गणकाची नोकरी तिला विवाहामुळे १८९५ मध्ये सोडावी लागली होती. गर्टन महाविद्यालयाच्या अनुदानातून तिने डॉलमेयरचे एक भिंग घेतले. त्याचा व्यास दीड इंच आणि केंद्रांतर नऊ इंच. पडशीत मावावे इतके लहान. पण लहान केंद्रांतरामुळे प्रकाश थोड्या जागेत एकवटतो, आणि प्रभामंडलाच्या बाहेरील अंधुक शाखा टिपण्यास तेच हवे असते. त्या भिंगाने तळणीस मिळालेल्या छायाचित्रात प्रभामंडलाची एक शाखा, तोवर कोणत्याही छायाचित्रात आली नव्हती इतक्या दूरवर पसरलेली दिसली. चाळीस फुटी कॅमेऱ्यात आतील प्रभामंडल मोठे व तपशीलवार उमटते. ही लांब शाखा टिपणे हे त्याचे कामच नव्हे. विजयदुर्गाच्या ओट्यांइतकी प्रसिद्धी या दीड इंची भिंगास महाराष्ट्रात मिळावयास हवी होती. ती मिळाली नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

प्रवासात नेण्याची दुर्बीण निवडताना आज जे प्रश्न पडतात ते या छावण्यांतील प्रश्नांहून फारसे वेगळे नाहीत. जुन्या तीन इंची प्रणमन दुर्बिणीत रंगदोष आटोक्यात ठेवण्यासाठी केंद्रांतर व्यासाच्या पंधरापट घेत. म्हणजे नळीच चार फुटांच्या जवळ जाई. टी. डब्ल्यू. वेब याचे साध्या दुर्बिणींसाठीचे प्रसिद्ध मार्गदर्शक पुस्तक १८५९ मध्ये निघाले, ते अशाच साधनांच्या धन्यांसाठी. रशियन शास्त्रज्ञ माक्सुतॉव्ह याने १९४१ मध्ये भिंग व आरसा यांच्या संयोगाने प्रकाशमार्ग दुमडणारी रचना शोधली. त्यामुळे साडेतीन इंची दुर्बीण आता वीतभर-दीड वीत लांबीच्या नळीत बसते. या रचनेत प्रतिमा स्वच्छ मिळते, पण दृष्टिक्षेत्र अरुंद राहते. ग्रह व चंद्र पाहणाऱ्यास ती मानवेल. आकाशगंगेवरून नजर फिरविणाऱ्यास आखूड केंद्रांतराची तीन इंची प्रणमन दुर्बीण किंवा ७ गुणिले ५० ची जोडदुर्बीण अधिक आनंद देईल. हेग आणि हर्शेल, किंवा माँडर आणि कॅम्पबेल, यांच्यातील भेद येथे लहान प्रमाणावर पुन्हा दिसतो.

सावंतवाडीस या निवडीत स्थानिक अटींची भर पडते. तिचा अक्षांश सुमारे १५.९ अंश उत्तर; ध्रुव तारा क्षितिजापासून अवघा सोळा अंश उंच. थंड प्रदेशांना धरून घडविलेली विषुववृत्तीय मांडणी इतकी खाली कलवू गेल्यास तिचा तोलभार तिपाईच्या पायावर आदळतो, हा अनुभव नवशिक्या वेधकांस ठाऊक आहे. प्रवासात नुसती उन्नतांश-दिगंश मांडणी बरी, ती या कारणाने. उलट दक्षिणेचे आकाश येथे उदार आहे. अगस्त्य मध्यमंडलावर आला असता क्षितिजापासून एकवीस अंशांवर चढतो आणि नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ सव्वीस अंशांपर्यंत. लंडनहून यांतील एकही कधी दिसत नाही. पावसाळ्याचे चार महिने साधन पेटीत पडून राहते आणि दमट हवेने भिंगावर बुरशी चढते. रुप्याच्या मुलाम्याची जागा ॲल्युमिनियमने घेतली तेव्हा आरशांची चिंता कमी झाली. भिंगांची तितकीशी नाही.

लॉक्यरने या विषयावरील आपल्या 'रीसेंट अँड कमिंग इक्लिप्सेस' या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १९०० मध्ये काढली व तीत विजयदुर्गाच्या छावणीचा वृत्तांत दिला. तो पुढे ठेवून किल्ल्यावरील ओट्यांची लांबी, रुंदी, दिशा व कल मोजणे आणि कोणत्या ओट्यावर कोणते साधन बसले असावे हे ताडून पाहणे, हे सावंतवाडीहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतके आवाक्यातील काम आहे. त्यासाठी होकायंत्र, मोजफीत व कोनमापक एवढे सामान पुरेल.