'ध'चा 'मा' आणि लेखणीची मर्यादा

शके 1695 च्या भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस, म्हणजे 30 ऑगस्ट 1773 रोजी, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला आणि त्या वधातून मराठी भाषेस एक वाक्प्रचार मिळाला. नारायणरावांचे नजरकैदेतील काका राघोबादादा यांनी गारद्यांना दिलेल्या कागदात 'धरावे' असे होते, ते त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी 'मारावे' केले, ही 'ध'चा 'मा' करण्याची कथा इतिहासाच्या न्यायासनापुढे आजवर सिद्ध झालेली नाही; तथापि लेखनाकडे आपला समाज कोणत्या दृष्टीने पाहत आला, याची साक्ष तिच्याइतकी स्वच्छ क्वचितच कोणी दिली असेल.

लेखणीने अर्थ फिरवला जाईल, हे भय दफ्तरखान्यासही ठाऊक होते. शिवकालीन पत्रात मजकूर संपला, की त्याच्या खाली 'मर्यादेयं विराजते' अशी लहानशी मोर्तब उमटे. मजकुराची सीमा येथे झाली, याखाली कोणी अक्षर वाढवू नये, हा तिचा अर्थ. नाजूक मसलत असली, तर कागदावर मोघम लिहून उरलेला तपशील जासुदाच्या मुखजबानीवर सोपवीत, कारण बोलणाऱ्यास उलट विचारता येते, कागदास येत नाही.

आणि मोडी लिपीतला तो कागद तरी कसा? आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि बोरू शक्यतो न उचलता तिला अक्षरे लटकवीत जायची. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्वदीर्घाचा विवेक नाही. बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीत 'दिन' आणि 'दीन' डोळ्यांना निराळे दिसतात, पण मराठी जिभेवर दोन्ही सारखेच लांबतात. मोडीने तो भेद पुसला, तेव्हा ती उच्चाराच्या अधिक जवळ गेली, आणि दिवस की दुबळा हे संदर्भावरून ओळखण्याचा भार कारकुनावर पडला.

कानास न कळणाऱ्या आणि डोळ्यास दिसणाऱ्या अशाच एका भेदावर फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा याने आपल्या विरचनावादाची उभारणी केली. 'भेद' या अर्थाच्या फ्रेंच शब्दातील एक स्वराक्षर त्याने बदलले. उच्चार तोच राहिला, बदल केवळ लेखनात दिसला. लेखन म्हणजे वाणीची निव्वळ छाया, हा प्लेटोपासून चालत आलेला समज त्याने 1967 सालच्या आपल्या ग्रंथांत तपासास घेतला. लिहिलेला शब्द बापाविना पोरका होतो, त्यास प्रश्न केला तर तो गप्प राहतो, असे प्लेटो सॉक्रेटिसाच्या तोंडून सांगतो. पण ही तक्रारसुद्धा आपल्यापर्यंत पोचली ती लेखनाच्याच आधाराने. देरिदाचे म्हणणे असे, की हे पोरकेपण लेखनापुरते नाही. उच्चारलेला शब्दही वक्त्याच्या हेतूस बांधलेला राहत नाही, आणि दुसऱ्याच्या मुखी, दुसऱ्या प्रसंगी, तो निराळ्या अर्थास मोकळा असतो.

या दृष्टीने आपली कथा पुन्हा वाचली, म्हणजे तिच्यातील सोय ध्यानात येते. मूळ हेतू निर्मळ होता, विष कालवले ते लेखणीने, आणि लेखणी होती एका स्त्रीच्या हाती, अशी वाटणी करून लोकस्मृतीने आज्ञा देणाऱ्यास निम्मे मोकळे केले. परंतु सशस्त्र गारद्यांनी राज्याच्या धन्यास त्याच्याच वाड्यात 'धरावे', या आज्ञेत 'मारावे' आधीच दडलेले नव्हते काय? अक्षर कोणी बदलले असो वा नसो, आणि आज्ञा कागदावर दिलेली असो वा जबानी, तो अर्थ बाहेरून आणावा लागला नसता.

पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी या प्रकरणाची चौकशी केली. आणि परंपरा सांगते, की देहांत प्रायश्चित्त त्यांनी फर्मावले ते अक्षर बदलणाऱ्या हातास नव्हे, तर खुद्द राघोबादादांस.