आधी मास्क, मग डिबगिंग

परवा रात्री अडीचला फोन वाजला. आमची एक सिस्टिम बसली होती. लॅपटॉप उघडला आणि लॉग वाचायला बसलो. चाळीस मिनिटं वाचतच होतो! मूळ कारण अगदी हाताशी आलंय असं सारखं वाटायचं. शेवटी सिनिअरने फोनवर एवढंच विचारलं, "अरे, जुनं व्हर्जन का नाही टाकलंस परत? कारण काय, सकाळी शोध की." पाच मिनिटांत सगळं सुरू झालं. मला मात्र झोप लागेना. पडल्या पडल्या आठवत राहिलं ते १९९९ सालचं लिअरजेट.

तर झालं होतं असं. २५ ऑक्टोबर १९९९, सकाळी ९:१९. फ्लोरिडातल्या ऑरलँडोहून एक लिअरजेट ३५ डॅलसला निघालं. दोन वैमानिक, चार प्रवासी. त्यातला एक पेन स्टुअर्ट, त्याच वर्षी जूनमध्ये यू.एस. ओपन जिंकलेला गोल्फपटू. ९:२७ला कंट्रोलरने ३९,००० फुटांवर जायची परवानगी दिली आणि वैमानिकाने नेहमीसारखं, शांतपणे उत्तर दिलं. सहा मिनिटांनी कंट्रोलरने पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा, पुन्हा... काहीच नाही.

विमान मात्र छान उडत होतं! ते ३९,००० वर थांबलं नाही, डॅलसकडे वळलंही नाही. ऑटोपायलटवर सरळ वायव्येला निघालं. हवाई दलाचं एक एफ-१६ जवळ जाऊन बघून आलं. इंजिनं चालू, बाहेरून कुठे मोडतोड नाही. फक्त समोरच्या काचा आतून धुरकट, बर्फ साचल्यासारख्या. जवळजवळ चार तासांनी इंधन संपलं आणि विमान साउथ डकोटातल्या एका माळावर कोसळलं. सहाही जण गेले.

आता जरा यंत्राकडे वळू. एवढ्या उंचीवर बाहेरची हवा इतकी विरळ असते की माणूस शुद्धीवर राहूच शकत नाही. म्हणून इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधली गरम, दाबाखालची हवा थोडी काढून केबिनमध्ये सोडतात. ती एका व्हॉल्व्हमधून येते. अवशेषांत हा व्हॉल्व्ह बंद सापडला. तो बंद म्हणजे केबिनचा दाबही गेला आणि काचा गरम ठेवणारी हवाही गेली. काचांवरच्या बर्फाचा अर्थ असा लागतो.

केबिनमधली हवा दहा हजार फुटांवरच्याइतकी विरळ झाली की भोंगा वाजतो. इथून पुढे हातात वेळ किती? २५,००० फुटांवर तीन ते पाच मिनिटं. ३५,००० वर अर्धा ते एक मिनिट. ४०,००० वर पंधरा-वीस सेकंद! आणि लिअरजेट ३५ हे ४५,००० फुटांपर्यंत उडायला बनवलेलं विमान. बिझनेस जेट प्रवासी विमानांच्याही वर जातात, म्हणजे चुकायला वेळ आणखी कमी. बरं, दुखत वगैरे काही नाही. उलट बरंच वाटतं. आपली बुद्धी मंद होतेय हे ओळखायला लागते तीच बुद्धी, आणि पहिली जाते ती तीच.

कॉकपिटमधलं संभाषण टिपणारी टेप फक्त शेवटची ३० मिनिटं ठेवायची, जुन्यावर नवं लिहीत जायची. आपल्या लॉग रोटेशनसारखंच म्हणा ना. त्यामुळे ज्या सहा मिनिटांत सगळं घडलं ती कधीच पुसली गेली होती. उरलं काय, तर कोणीही न ऐकलेला भोंगा. दाब का गेला आणि वैमानिकांना ऑक्सिजन का मिळाला नाही, ही दोन्ही कारणं चौकशीत ठरवता आली नाहीत.

पण २००० सालच्या त्या अहवालात एक गोष्ट आहे जी मी कधी विसरलो नाही. ३०,००० फुटांवर दाब एकदम गेला, तर अवघे ८ सेकंद ऑक्सिजन नसला तरी विचार करण्याची ताकद चांगलीच घसरू शकते. म्हणून शिफारस साधी होती. भोंगा वाजला की पहिलं काम मास्क लावणं. बिघाड शोधणं त्यानंतर.

वाचताना वाटतं, यात सांगण्यासारखं काय आहे? तर १४ ऑगस्ट २००५ बघा. हेलिओस कंपनीचं बोइंग ७३७ सायप्रसहून अथेन्सला निघालं. जमिनीवरच्या तपासणीनंतर दाबाचा स्विच 'मॅन्युअल'वर राहून गेला होता. भोंगा वाजला, पण त्या विमानात उड्डाणाआधीच्या एका इशाऱ्यालाही हाच आवाज होता. वैमानिकांना वाटलं तोच चुकून वाजतोय. ते जमिनीवरच्या इंजिनिअरशी रेडिओवर कूलिंगबद्दल बोलत बसले. आणि विमान वर चढतच राहिलं. १२१ माणसं गेली.

ती माणसं मूर्ख नव्हती हो. ती डिबग करत होती. हुशार माणसाला समोर कोडं दिसलं की ते सोडवल्याशिवाय राहवत नाही, आणि नेमकी तीच सवय इथे घात करते. म्हणूनच असल्या पायऱ्या वैमानिकांकडून पाठ करून घेतात. त्या क्षणी विचार करायचाच नाही, हात आपोआप मास्ककडे गेला पाहिजे.

माझ्या चाळीस मिनिटांत कोणी मेलं नाही, फक्त ग्राहक वैतागले. तरी सोमवारी मी टीमच्या पानावर सगळ्यात वर एक ओळ टाकली: आधी जुनं व्हर्जन, मग लॉग.

विमानात बसल्यावर हवाईसुंदरी सांगते ना, आधी स्वतःचा मास्क लावा, मग शेजारच्या मुलाचा? इतकी वर्षं मी त्या वेळी पेपर वाचत असायचो. आता ऐकतो.