चवदार तळ्याचा मनाई-हुकूम

अपील केले की खालच्या कोर्टाचा निकाल आपोआप थांबतो, असा समज चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांतही आढळतो. तो खरा नाही. १९०८ च्या दिवाणी संहितेत स्पष्टच म्हटले आहे की, केवळ अपील दाखल झाल्याने हुकूमनाम्याची बजावणी थांबत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. बजावणी झाल्यास आपले भारी नुकसान होईल हे दाखवावे लागते, अर्जास विनाकारण विलंब झालेला चालत नाही, आणि उद्या हुकूमनामा कायम झालाच तर तो पाळू, याबद्दल जामीन द्यावा लागतो. दावाच फेटाळला गेला असेल, तर खर्चाचा भाग सोडून थांबवण्यासारखे काही उरतही नाही. हरलेल्या वादीने नव्याने मनाई-हुकूम मागावा, एवढीच वाट राहते.

म्हणजे खरा प्रश्न असा की, शेवटचा निकाल लागेपर्यंतचा मधला काळ कोणाचा? महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात हा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा होता.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावेत, असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलने १९२३ साली मंजूर केला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु कागदावरचे पाणी कोणाच्या ओंजळीत येत नसते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा महाडच्या काही स्पृश्य गृहस्थांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दावा लावला, आणि दोनच दिवसांनी, १४ तारखेस, दुय्यम न्यायाधीशांनी तात्पुरता मनाई-हुकूम दिला. २५ तारखेस परिषद भरली. प्रतिनिधींपैकी पुष्कळजण तुरुंगात जाण्यास सिद्ध होते. डॉ. आंबेडकरांनी त्यांची समजूत घातली, सत्याग्रह तहकूब केला, आणि जमाव तळ्याला वळसा घालून, पाण्यास हात न लावता परतला. माझ्या मते पहिल्या दिवशी पाणी पिण्यापेक्षा हे परत फिरणे कठीण होते. बॅरिस्टर प्रतिवादीने कोर्टाचा हुकूम मोडला नाही, एवढे मात्र वादींनाही मान्य करावे लागले असते.

तो हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. जेमतेम सव्वादोन महिन्यांचे त्याचे आयुष्य. पण जमलेली हजारो माणसे त्याने नेमक्या वेळी थांबवली होती. दाव्याचे आयुष्य याहून फार मोठे. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने तो फेटाळला. वादी ठाण्याच्या जिल्हा कोर्टात गेले. तेथे जानेवारी १९३३ मध्ये हरले. पुढे मुंबई हायकोर्टात दुसरे अपील झाले. तेथे १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी तेही काढून टाकले. १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा सुनावणारे ब्रूमफील्ड ते हेच. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची प्रथा अनादि असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, हे अपील फेटाळण्याचे कारण.

गोदाकाठी बसून महाडची कथा सांगण्यास कारण आहे. दाव्याचा पहिला निकाल लागण्यापूर्वीच, २ मार्च १९३० रोजी, येथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. आणि पाण्याचा शेवटचा निकाल प्रतिवादीच्या बाजूने लागला, तेव्हा आपल्याच जिल्ह्यात येवल्यास, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे तो जाहीर करून चुकला होता.