वाफ आणि अर्धा गुण

सहावीत असताना विज्ञानाच्या पेपरात मी एक वाक्य लिहिलं होतं : उन्हाने पाण्याची वाफ होते आणि ती वर जाते. पेपर हातात आला तेव्हा ‘वाफ’वर लाल रेघ होती, शेजारी ‘बाष्प’ लिहिलं होतं आणि अर्धा गुण कापला होता. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “वाफ स्वयंपाकघरात. इथे बाष्प.” वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी बोलतो तो शब्द शाळेच्या दारात चपलांसारखा काढून ठेवायचा असतो, हे त्या दिवशी मनात पक्कं बसलं.

पुष्कळ वर्षांनी कळलं की वाफ आणि बाष्प हे दोन वेगळे शब्द नाहीतच. एकाच शब्दाची ती दोन वयं आहेत.

मूळ संस्कृत शब्द बाष्प. तो वाष्प असाही लिहितात. माणसांच्या रोजच्या बोलण्यात अवघड जोडाक्षरं झिजतात. ‘सप्त’चं प्राकृतात ‘सत्त’ झालं आणि मराठीत ‘सात’. त्याच वाटेने ‘बाष्प’चं ‘बप्फ’ झालं आणि आपल्याकडे ‘वाफ’. हिंदीतली भाप, नेपाळीतला बाफ ही याच घरातली भावंडं. गुजरातीत बटाटे उकडण्याला ‘बाफवुं’ म्हणतात, तेही यांच्याच नात्यातलं.

मग बाष्प पुन्हा कुठून आला? इंग्रजी शास्त्रं मराठीत आणायची वेळ आली, तेव्हा नव्या संज्ञांसाठी लोक संस्कृतकडे वळले. त्यातून बाष्पीभवन आलं, बाष्पोच्छ्वास आला. म्हणजे नातू घरात आधीपासून नांदत होता आणि आजोबा मागाहून कोट-टोपी घालून शाळेत शिकवायला आले. माझ्या पेपरात आजोबांनी नातवालाच वर्गाबाहेर काढलं होतं.

पण या आजोबांचीही एक गोष्ट आहे, ती आपण विसरून गेलो.

संस्कृतात बाष्प म्हणजे फक्त वाफ नव्हे. बाष्प म्हणजे अश्रूसुद्धा. डोळ्यांत दाटलेले, घशात अडकलेले, अजून न ओघळलेले. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते, तेव्हा कण्व मुनींचा कंठ दाटून येतो. तिथे कालिदासाने हाच शब्द वापरला आहे. भांड्यावरचं झाकण थडथडवणारी गोष्ट आणि गळा दाटवणारी गोष्ट, दोघींना एकच नाव होतं. आतून तापलेलं, कोंडलेलं, वाट शोधणारं पाणी.

प्राकृत बोलणाऱ्यांनी मात्र या शब्दाची वाटणी केली. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे जैन आचार्य होऊन गेले. त्यांच्या व्याकरणात याचा नियमच दिलेला आहे : बाष्पचा अर्थ अश्रू असेल तर त्याचं रूप ‘बाह’, आणि वाफ असेल तर ‘बप्फ’. एक शब्द, दोन अर्थ आणि त्या दोन अर्थांचे दोन वेगळे उच्चार. मराठीच्या वाट्याला त्यातली वाफ आली. अश्रूंचा बाह आपल्या बोलण्यातून गेला.

हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. आजोबा गेले त्या पावसाळ्यात तिची सर्दी काही केल्या हटत नव्हती. रोज संध्याकाळी ती पातेल्यात उकळतं पाणी घ्यायची, त्यात ओवा टाकायची आणि डोक्यावरून टॉवेल घेऊन बसायची. वाफारा घ्यायला पाच मिनिटं पुरतात. ती अर्धा अर्धा तास बसायची. पाणी कधीच गार झालेलं असायचं. बाहेर आल्यावर तिचा चेहरा ओला आणि लाल असायचा, आणि कुणी काही विचारायच्या आत ती म्हणायची, “वाफेनं बरं वाटतं हो.” दहा वर्षांच्या मला ते खरंच वाटलं. टॉवेलखाली त्या जुन्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र होते, हे समजायला मला वीस वर्षं आणि एक व्याकरण लागलं.

आता इंग्रजी व्हेपरकडे येऊ. ‘व्हेपर हा आपल्या वाफेवरूनच आला’ असा एक मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर फिरून गेला आहे. वाफ, व्हेपर; कानाला पटतंही. पण व्हेपर लॅटिनमधून आलेला आहे आणि त्याचं बाष्पाशी रक्ताचं नातं भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत. साम्य योगायोगाचं आहे.

गंमत अशी की त्या परक्या शब्दालाही मनाच्या दुखण्याने गाठलंच. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बायकांची उदासी, घाबरणं, रडू फुटणं या सगळ्याला ‘व्हेपर्स’ म्हणत. पोटातून वाफा उठतात आणि डोक्यात चढतात, अशी तेव्हाची समजूत होती. संस्कृतातल्या बाष्पाने दुःखाला नाव दिलं; इंग्रजीतल्या व्हेपर्सनी पुष्कळदा ते दुःख हसण्यावारी नेलं. बाईला नेमकं काय झालंय हे विचारायची मग गरजच उरत नसे.

पुढे वाफेने माणसाचं अंग सोडलं आणि ती यंत्रात शिरली. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सोळाशेपटीहून जास्त जागा मागते. ती जागा दिली नाही, की ती दट्ट्या ढकलते. सगळं वाफेचं इंजिन या हट्टावर चालतं. मुंबईच्या गोदीत १८२९ मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेवर चालणारी बोट बांधली गेली आणि १८३० च्या मार्चमध्ये ती सुएझकडे निघाली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. १८५६ मध्ये मुंबईत कावसजी दावरांची कापडगिरणी सुरू झाली. पुढे गिरणगावाला झोपेतून उठवणारा भोंगा हा मुळात वाफेचाच आवाज.

पण या यंत्रांना मराठी माणसाने नावं काय दिली? आगगाडी. आगबोट. काम करते वाफ आणि नाव मात्र आगीचं! त्यात चूक काही नाही. लांबून बघणाऱ्याला भट्टी दिसते, धूर दिसतो. वाफ लोखंडाच्या आत असते.

शेजारच्या गोव्यात वेगळंच घडलं. पोर्तुगीजांनी वाफेच्या जहाजाला ‘व्हापोर’ म्हटलं आणि कोंकणीने तो शब्द ‘वापोर’ म्हणून घरात घेतला. एकच जहाज एकाच किनाऱ्याने जायचं; मराठी खलाशाला ती आगबोट आणि गोव्याच्या तारवटीला वापोर. इस्तंबूलला गेलात, किंवा तिथले रील्स पाहिलेत, तर तिथल्या फेरीबोटीला ‘वापूर’ म्हणताना ऐकाल. तो फ्रेंचांकडून तुर्कीत आला. आज त्या बोटी डिझेलवर चालतात. वाफ केव्हाच गेली, शब्द मात्र अजून प्रवासी वाहतो आहे.

आता बाईंच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. शास्त्राला काटेकोर शब्द लागतात. चहाच्या कपावर आपण जी पांढरी वाफ बघतो, ते खरं तर थंड हवेत पुन्हा तयार झालेले पाण्याचे बारीक थेंब असतात. पाण्याची खरी वायुरूप अवस्था डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी वेगळा शब्द राखून ठेवला तर सोयच होते. प्राकृतवाल्यांनीही सोयीसाठीच एका शब्दाचे दोन केले होते. पण त्यांनी दोघांपैकी कुणालाही अडाणी ठरवलं नव्हतं.

माझी तक्रार ‘स्वयंपाकघरात’ या शब्दाबद्दल आहे. ज्या खोलीत मोदक उकडतात, भाजीला एक वाफ आणतात, तिथल्या बायकांना झाकण कधी उचलायचं आणि कधी नाही हे कुठल्याही सूत्राशिवाय कळतं. आजी म्हणायची, “उगाच तोंडची वाफ दवडू नकोस.” बोलणं म्हणजेसुद्धा वाफ, आणि ती मोजूनमापून खर्च करायची असते, हे शहाणपण कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे?

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. जलचक्राचा प्रकल्प करत होती. तिने विचारलं, “मामा, वाफ लिहू की बाष्प?”

मी म्हटलं, “आकृतीत बाष्प लिही. खाली तुझ्या शब्दांत समजावशील, तिथे वाफ लिही.”

“आणि मार्क कापले तर?”

“वही घेऊन माझ्याकडे ये. एक मोठी गोष्ट सांगायची आहे.”