आधी गुण, मग कारण : अपस्मारावरील औषधांचा इतिहास

अपस्मार, म्हणजे बोलीत ज्याला फेफरे, मिरगी किंवा फिट येणे म्हणतात, या विकाराचे वर्णन चरकसंहितेत आणि हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांत आढळत असले, तरी झटके खात्रीने कमी करणारे औषध हाती येण्यासाठी एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. त्यापुढच्या इतिहासात औषधाचा गुण आधी लक्षात आला आणि त्या गुणाचे कारण कित्येक दशकांनी उमगले, असे पुनःपुन्हा घडले.

1857 मध्ये लंडनच्या एका वैद्यकीय सभेत राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतिवैद्य सर चार्ल्स लोकॉक यांनी, मासिक पाळीच्या सुमारास झटके येणाऱ्या स्त्रियांना पोटॅशियम ब्रोमाइडने आराम पडल्याचे सांगितले. अपस्माराचा संबंध कामवासनेशी आहे आणि ब्रोमाइड ती वासना शमवते, हा त्या काळचा तर्क चुकीचा होता. औषध मात्र लागू पडत होते, जरी त्यापायी रुग्णांना गुंगी, मानसिक मांद्य आणि अंगावरचे पुरळ सोसावे लागे. 1912 मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्फ्रेड हाउप्टमान यांनी झोपेसाठी दिलेल्या फेनोबार्बिटलमुळे झटकेही कमी होतात हे टिपले. ही दोन्ही औषधे गुंगी आणणारी असल्यामुळे, मेंदूला मंद केल्याखेरीज झटके थांबणार नाहीत, असा समज रूढ झाला.

तो समज बॉस्टनमध्ये मोडला. ट्रेसी पुटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी मांजरांना विजेच्या साहाय्याने झटके आणून, कोणत्या रसायनाने ते रोखले जातात याची पद्धतशीर तपासणी केली. त्यांत फेनिटॉइन सरस ठरले. हाइनरिश बिल्ट्झ यांनी 1908 मध्येच तयार केलेले हे रसायन झोप आणत नसल्याने औषध म्हणून दुर्लक्षित राहिले होते, आणि त्याचा तोच उणेपणा आता त्याची थोरवी ठरला. 1938 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचार केलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांचे मोठे झटके थांबले होते. फेनिटॉइन चेतापेशीत नेमके काय करते, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते.

त्याचे उत्तर मिळण्यासाठी चेतापेशीतील विजेचे स्वरूप कळणे आवश्यक होते. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी माकुल या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून 1952 मध्ये दाखवून दिले, की सोडियमचे विद्युत्‌भारित कण, म्हणजे आयन, पेशीत शिरल्याने चेतासंदेश उसळतो आणि पोटॅशियमचे आयन बाहेर पडल्याने तो ओसरतो. हे आयन पेशीपटलातील प्रथिनांच्या सूक्ष्म मार्गांतून, म्हणजे आयन-मार्गिकांतून, ये-जा करतात. 1976 मध्ये एर्विन नेहेर आणि बर्ट साकमन यांनी एकेका मार्गिकेतून वाहणारा प्रवाह मोजण्याचे तंत्र सिद्ध केले.

सोडियम-मार्गिका मिटलेली, उघडी आणि निष्क्रिय अशा तीन अवस्थांतून जाते. उघडल्यानंतर हजारांश सेकंदातच ती निष्क्रिय होते आणि सावरल्याशिवाय पुन्हा उघडू शकत नाही. फेनिटॉइन मुख्यतः या निष्क्रिय अवस्थेतील मार्गिकेला चिकटते आणि तिचे सावरणे लांबवते. झटक्याच्या वेळी चेतापेशी अतिवेगाने संदेश सोडत असल्यामुळे अनेक मार्गिका निष्क्रिय अवस्थेत असतात आणि औषधाचा अंमल तेथेच अधिक चढतो, तर सावकाश चालणारे नेहमीचे संदेश बव्हंशी अबाधित राहतात. संवर्धित चेतापेशींवरील प्रयोगांत हा परिणाम 1983 मध्ये स्पष्ट झाला. गुंगी न आणता झटके कसे थांबतात, या बॉस्टनच्या प्रयोगांनी उभ्या केलेल्या प्रश्नाचे उत्तर असे साडेचार दशकांनी मिळाले. फेनोबार्बिटलचा मार्ग निराळा होता: 'गाबा' या शामक रसायनाने उघडणारी क्लोराइड-मार्गिका ते अधिक वेळ उघडी ठेवते आणि त्यामुळे पेशींची उत्तेजनक्षमता एकंदरीतच घटते.

मूल क्षणभर शून्यात पाहत राहते अशा ॲब्सेन्स प्रकारच्या झटक्यांत फेनिटॉइन निरुपयोगी ठरते, तर एथोसक्सिमाइड उत्तम लागू पडते, हा फरकही डॉक्टरांना अनुभवाने ठाऊक होता. एथोसक्सिमाइड थॅलॅमस या मेंदूच्या मध्यभागातील विशिष्ट कॅल्शियम-मार्गिका रोखते, हे 1989 मध्ये दिसल्यावर त्याची संगती लागली.

शार्लोट ड्रावे यांनी 1978 मध्ये वर्णिलेल्या बालवयातील तीव्र अपस्मारात तर सोडियम-मार्गिका रोखणाऱ्या औषधांनी झटके वाढू शकतात. 1998 मध्ये लॅमोट्रिजिन या औषधाबाबत हा धोका नोंदवला गेला, आणि 2001 मध्ये या विकाराचे मूळ सोडियम-मार्गिकेच्याच जनुकात आढळले. पुढील संशोधनातून असे दिसले, की या मुलांमध्ये मेंदूला आवर घालणाऱ्या चेतापेशींच्याच सोडियम-मार्गिका दुबळ्या असतात. औषधाने त्या आणखी रोखल्या, की उरलासुरला आवरही सुटतो. येथेही निरीक्षण आधी आले आणि उलगडा नंतर, परंतु तो उलगडा झाल्यामुळे आता जनुकीय तपासणीने निदान करून, अशा मुलाला अपायकारक औषध सुरू होण्याआधीच टाळता येते. मार्गिकांच्या या ज्ञानाचे खरे मोल तेथे आहे.